मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पोथी का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: आई ६८ वर्षांची. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं बिनटाक्याचं ऑपरेशन झालं, साधी फोल्डेबल लेन्स बसवली. आता समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजता येतात. पण गेली तीन वर्षं ती चष्म्याशिवाय पोथी वाचत होती, तांदूळ निवडत होती, ते जमेनासं झालंय. जवळचा चष्मा करून दिला, तरी ‘पोथीला तो बसत नाही’ म्हणते. डॉक्टर म्हणतात डोळा उत्तम आहे. शेजारचे काका तर ऑपरेशननंतर बिनचष्म्याचा पेपर वाचतात. मग हिची लेन्स चुकली का? व्यायामाने फोकस परत येईल का? डावा डोळा पुढच्या महिन्यात करायचा आहे, तो करावा की नाही?

तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे आणि आईंचंही. डॉक्टर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडणारं दूरचं चित्र तपासतात, आई मांडीपुढच्या चौरंगावरची पोथी बघतात. या दोन गोष्टी एकाच फोकसमध्ये मावत नाहीत.

आधी त्या तीन वर्षांबद्दल. आईंना पंचेचाळिशीच्या आसपास चाळिशी लागली असणार, पुढे पंधरा-वीस वर्षं त्यांनी ती वापरली असणार. मग एके दिवशी लक्षात आलं असेल की चष्मा काढल्यावरच जास्त स्वच्छ वाचता येतंय. घरात कौतुकही झालं असेल, ‘म्हातारपणी नजर परत आली’ म्हणून. माझ्याकडे असे आजी-आजोबा आठवड्याला दोन-तीन तरी येतात आणि त्यांचा तो आनंद मोडायचं काम माझ्याकडे असतं. नजर परत आलेली नसते. डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाच्या गाभ्यात मोतीबिंदू धरायला लागला की तो गाभा घट्ट होतो, त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढते आणि डोळ्याला मायनस नंबर येतो. मायनस अडीच नंबरचा डोळा बरोबर ४० सेंटिमीटरवर फोकस झालेला असतो, म्हणजे पुस्तकाच्या अंतरावर. दूरचं धूसर होतं, पण ते वयाच्या खात्यात जातं. थोडक्यात, आईंची पोथी तीन वर्षं त्यांच्या मोतीबिंदूनेच वाचून दाखवली. मोतीबिंदू काढला, त्याबरोबर तो मायनसही गेला.

‘फोकस’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, त्यामुळे गोंधळ होतो. एक म्हणजे डोळा कुठल्या अंतरावर लावलेला आहे. दुसरी म्हणजे ते अंतर बदलण्याची त्याची ताकद. ही दुसरी ताकद नैसर्गिक भिंगात असते. भिंग बारीक धाग्यांनी एका गोल स्नायूला टांगलेलं असतं. दूर बघताना स्नायू सैल, धागे ताणलेले, भिंग चपटं. जवळ बघताना स्नायू आवळतो, त्याचं वर्तुळ लहान होतं, धागे सैल पडतात आणि भिंग आपल्याच लवचिकपणाने फुगतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५५ मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण मोठ्या भागात आजही टिकून आहे. लहान मुलाचं भिंग १२ ते १४ डायऑप्टर (चष्म्याचा नंबर याच मापात असतो) इतकं फुगू शकतं, म्हणून पोरं नाकाला टेकवून चित्रं बघतात. पंचेचाळिशीत तीन-चार डायऑप्टर उरतात. साठीला एखादा. स्नायू बिचारा आवळतच असतो, पण भिंग कडक झालेलं असतं.

म्हणजे आईंची फोकस बदलण्याची ताकद ऑपरेशनने गेलेली नाही. ती कधीच गेली होती. ऑपरेशनने फक्त फोकसची जागा हलली, ४० सेंटिमीटरवरून दूरवर.

आता जी लेन्स बसवली आहे ती साधारण सहा मिलिमीटर व्यासाची, बाजूला दोन पातळ पाय असलेली. नैसर्गिक भिंगाचं पारदर्शक वेष्टन, ज्याला आम्ही पिशवी म्हणतो, तिच्यात ती ठेवलेली असते. काही आठवड्यांत पिशवी आक्रसून तिला घट्ट धरते. स्नायू कितीही आवळला तरी ही लेन्स फुगत नाही. म्हणून व्यायामाचं उत्तर सरळ नाही असं आहे. बोट नाकाजवळ आणणं, मेणबत्तीकडे बघत राहणं, हिरवळीवर अनवाणी चालणं, यातलं काहीही त्या लेन्सचा आकार बदलू शकत नाही. हिरवळीवर चालण्याला माझी ना नाही.

लेन्सचा नंबर काढताना डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, बाक मोजतात, ते सूत्रात घालतात. लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो, इतकं ते नाजूक गणित आहे. हॅरॉल्ड रिडलीने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १९४९-५० मध्ये पहिली लेन्स बसवली, तेव्हा नैसर्गिक भिंगाचे बाक जवळपास तसेच ठेवले. पण प्लास्टिक प्रकाशाला जास्त वळवतं, हे हिशोबात नीट आलं नाही आणि त्या पेशंटला दोन आकडी मायनस नंबर आला. आज यंत्र प्रकाशाच्या किरणाने लांबी मोजतं आणि बहुतेक डोळे ठरवलेल्या नंबराच्या अर्ध्या डायऑप्टरच्या आत येतात. आईंना दूरचं बिनचष्म्याचं लख्ख दिसतंय, म्हणजे त्यांचा नंबर शून्याच्या अगदी जवळ आलाय. लेन्स चुकलेली नाही, उलट नेमक्या लावायच्या जागी लागली आहे. ती बदलून घेण्याचा विचार मनातून काढून टाका. चांगल्या बसलेल्या लेन्सला वाचनापायी हात लावण्यात धोका जास्त आणि फायदा कमी.

मग शेजारचे काका? त्यांच्या डोळ्यात काही जादू नाही. त्यांना बहुधा पाऊण-एक मायनस उरला असेल, किंवा थोडा सिलिंडर नंबर असेल ज्यामुळे अक्षराच्या उभ्या रेघा जवळ आणि आडव्या दूर फोकस होतात आणि एकूण अक्षर ओळखू येतं. शिवाय बाहुली लहान असेल. बाहुली लहान असली की फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा, वाढते. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला दाभणाने एक मिलिमीटरचं भोक पाडा. आईंना चष्मा काढून खिडकीच्या उजेडात, उजव्या डोळ्यापाशी ते भोक धरून पेपर बघायला सांगा. मघाशी न दिसलेली अक्षरं जुळतील. भिंग तेच, नंबर तोच, फक्त कडेचे विस्कटणारे किरण अडवले. याच कारणाने संध्याकाळी साठच्या बल्बखाली न दिसणारं अक्षर सकाळी दारात दिसतं, उजेडाने बाहुली आक्रसते म्हणून. वाचायला बसताना खांद्यामागून येणारा चांगला पांढरा दिवा हा पाव-अर्ध्या नंबराइतका उपयोगी पडतो आणि हा सल्ला फुकट आहे.

आता चष्मा ‘बसत नाही’ म्हणजे काय, त्याकडे येते. तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तीच.

सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला सव्वाचा जवळचा चष्मा दिला, तर त्याच्या भिंगात अजून तीन डायऑप्टर शिल्लक असतात. त्या चष्म्यातून त्याला ८० सेंटिमीटरपासून पार २५ सेंटिमीटरपर्यंत कुठेही स्पष्ट दिसतं. पुस्तक पुढेमागे झालं तरी भिंग सांभाळून घेतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हे सांभाळून घेणारं कोणी नाही. शून्य नंबरच्या डोळ्यावर अडीचचा चष्मा लावला की फोकस ४० सेंटिमीटरवर. फोकसच्या खोलीमुळे अलीकडे-पलीकडे थोडी सूट मिळते, साधारण ३३ ते ५० सेंटिमीटर. संपलं. आता टेप घेऊन आई पोथीला बसतात तेव्हा डोळ्यापासून पानापर्यंतचं अंतर मोजा. मांडी घालून, पोथी चौरंगावर, म्हणजे ५५ ते ६० सेंटिमीटर भरेल. दुकानातल्या खुर्चीत हातात कार्ड धरून काढलेला अडीच नंबर तिथे पोचतच नाही. त्या पुढे वाकत असतील, मान दुखत असेल, आणि शेवटी चष्मा वाईट ठरला असेल.

पोथीसाठी त्यांना पावणेदोनचा चष्मा लागेल. त्यात साधारण ४४ ते ८० सेंटिमीटर मिळतं, म्हणजे विळीवर भाजी चिरणं, सुपात तांदूळ निवडणं, समोरच्या ताटातलं जेवणही त्यातच बसेल. औषधाच्या पट्टीवरची तारीख आणि सुईत दोरा मात्र अडीचनेच. दोन चष्मे सांभाळायचे नसतील तर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत वरून खाली नंबर बदलत जाणारा चष्मा, पण आयुष्यात पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह लावणाऱ्याला जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटते, हे आधी सांगून ठेवा. बायफोकलमध्ये मधलं अंतर दोन्ही काचांतून निसटतं. नंबर काढायला जाताना पोथी आणि टेपने मोजलेला आकडा बरोबर न्या. हसू नका, मी माझ्या पेशंटना खरंच सांगते. एक पेटीवादक आपली नोटेशनची वही आणि मोजलेली सुतळी घेऊन आले होते, त्यांच्याइतका समाधानी चष्मा मी क्वचितच दिला असेल.

हे शहाणपण मला उशिरा आलं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक सोनार आले होते. तरुणपणापासून मायनस चार. दुकानात चष्मा कपाळावर सरकवून, नथीतला मोती नाकासमोर धरून काम करायचे. मायनस चार म्हणजे २५ सेंटिमीटर, त्यांच्या हाताचं नेमकं अंतर. मी दोन्ही डोळे केले, दोन्ही शून्यावर आणले आणि फळ्यावरची शेवटची ओळ वाचून घेऊन खूश झाले. महिनाभराने ते आले आणि शांतपणे म्हणाले, ‘डॉक्टर, दूरचं बघायला मला चष्मा होता. माझे हात तुम्ही काढून घेतलेत.’ त्यांना मी विचारलंच नव्हतं की तुम्ही दिवसभर कुठे बघता. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर लांबी आणि बाकाच्या आधी एक ओळ असते: हाताचं काम काय, किती अंतरावर. मायनस असलेल्या आणि जवळचं बिनचष्म्याचं करायची सवय असलेल्या माणसाला मायनसच ठेवणं, आणि दूरचा चष्मा पुढेही वापरायला लावणं, ही चूक नव्हे.

आता डाव्या डोळ्याबद्दल, कारण ठरवायचं ते इथेच आहे. आज संध्याकाळी आईंचा उजवा डोळा तळहाताने झाका (दाबू नका) आणि चष्म्याशिवाय डाव्याने पोथी बघायला सांगा. गढूळ, पिवळट, पण अक्षरं ओळखू आली, तर डाव्या डोळ्यातही मोतीबिंदूचा मायनस आहे आणि आज जे थोडंफार जवळचं दिसतं ते त्या डोळ्याने. तोही शून्यावर आणला तर तेवढंही जाईल. काहीच ओळखू आलं नाही, तर गमावण्यासारखं फारसं नाही. दोन्ही स्थितींत ऑपरेशन करावंच, कारण मोतीबिंदू थांबणार नाही आणि फार पिकवून केलेल्या ऑपरेशनमध्ये गुंतागुंत वाढते. प्रश्न फक्त कुठे लावायचं हा.

माझी पसंती सांगते. उजवा शून्यावर आहे, तर डावा मायनस सव्वा ते दीडवर लावावा. मायनस दीड म्हणजे ६६ सेंटिमीटर, आणि सूट धरून ५० सेंटिमीटरपर्यंत. पोथी, विळी, देवघर, मोबाइलवरचा नातवाचा फोटो, हे सगळं बिनचष्म्याचं. बारीक छापील मजकुराला आणि सुईला चष्मा राहीलच. दोन डोळ्यांत दीड नंबरचा फरक बहुतेकांचा मेंदू काही आठवड्यांत पचवतो. अडीचचा फरक ठेवला तर वाचन चष्म्यापासून पूर्ण सुटं होतं, पण खोलीचा अंदाज कमी होतो, आणि ६८ वर्षांच्या बाईला जिन्याची शेवटची पायरी चुकणं परवडत नाही. तीनच्या पुढचा फरक तर चष्म्यानेही जुळत नाही, दोन्ही डोळ्यांतली चित्रं वेगवेगळ्या आकाराची दिसतात. आधी कॉन्टॅक्ट लेन्सने किंवा ट्रायल फ्रेमने त्या फरकाची चव आईंना देता आली तर उत्तम. डावा मोतीबिंदू फार दाट असेल तर ती चाचणी नीट होत नाही, मग बोलून ठरवावं लागतं. रात्री गाडी चालवणाऱ्याला मात्र मी हा फरक सुचवायला कचरते.

तुम्हाला कुणीतरी मल्टिफोकल सुचवेलच. ती लेन्स फोकस बदलत नाही, हे आधी समजून घ्या. तिच्यावरच्या बारीक गोल खाचा येणारा प्रकाश वाटून देतात, थोडा दूरसाठी, थोडा जवळसाठी, ट्रायफोकलमध्ये थोडा मधल्या अंतरासाठी. दोन-तीन चित्रं एकाच वेळी पडद्यावर पडतात, मेंदू हवं ते उचलतो. ज्यांना ती मानवते ते खरंच चष्मा विसरतात. पण वाटलेला प्रकाश म्हणजे प्रत्येक चित्राला कमी प्रकाश. अक्षराचा काळेपणा उतरतो, रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात. पडद्यावर मधुमेहाचा परिणाम असेल, पडद्याचा मध्यबिंदू झिजला असेल किंवा काचबिंदू पुढे गेला असेल, तर मी ती बसवत नाही, पैसे कितीही तयार असोत. एका डोळ्यात साधी आणि दुसऱ्यात मल्टिफोकल करता येते, पण आईंसारख्या पोथी वाचणाऱ्या, गाडी न चालवणाऱ्या बाईंसाठी मला त्यात अर्थ दिसत नाही. ‘प्रीमियम’ हा शब्द किमतीला लागू होतो, डोळ्याला नाही. खऱ्या अर्थाने पुढेमागे हलणाऱ्या लेन्सचेही प्रयत्न झाले, अमेरिकेत २००३ मध्ये एका लेन्सला परवानगीही मिळाली. पण पिशवी आक्रसते आणि ती हालचाल तुटपुंजी राहते.

तरुण पेशंटचा धक्का मोठा असतो, तो वेगळा सांगायला हवा. दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेल्या बत्तिशीतल्या मुलाचा मोतीबिंदू काढला, की त्याचे सहा-सात डायऑप्टर एका दिवसात जातात. आईंना चाळिशी हळूहळू लागली, त्याला ती टेबलावर झोपून उठेपर्यंत लागते. आधी बजावून सांगितलेलं असूनही तो दुसऱ्या दिवशी मोबाइल नाकाजवळ आणतो, लांब नेतो, आणि माझ्याकडे बघतो. लहान मुलांचं ऑपरेशन केलं तर त्यांनाही जवळच्या नंबराची काच द्यावीच लागते, नाहीतर वाढत्या वयात डोळा आळशी पडतो.

पहिले काही आठवडे दिसण्यात होणारा चढउतार फोकसचा असेलच असं नाही. बुबुळाला सूज असते, बाहुली मोठी करणारे थेंब चालू असतात. बिनटाक्याच्या ऑपरेशननंतर (फेको) नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांत स्थिरावतो, मोठ्या चिरेच्या पद्धतीत थोडा जास्त वेळ लागतो. त्याआधी केलेला चष्मा वाया जातो. पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ आणि मग पुन्हा धूसर, असं होत असेल तर डोळा कोरडा आहे, नंबर नाही. महिना-दीड महिन्याने सरळ ओळ वाकडी दिसू लागली तर पडद्याला सूज असू शकते, ती तपासायला लगेच जा. सहा महिन्यांनी किंवा तीन वर्षांनी पुन्हा धुकं आलं, तर बहुधा पिशवीचा मागचा पापुद्रा गढूळ झालेला असतो. लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. तो परत येत नाही, पापुद्र्याला लेसरने पाच मिनिटांत खिडकी पाडता येते. आणि अचानक दुखणं, लाली, नजर घसरणं, चमका, किंवा बाजूने काळा पडदा सरकणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका.

आईंना मधुमेह आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर एक फायदा सांगते. पूर्वी साखर वरखाली झाली की नैसर्गिक भिंग पाणी शोषून नंबर बदलायचा. ही लेन्स साखरेला दाद देत नाही. तरीही साखर वाढलेली असताना दिसणं बिघडलं, तर कारण पडद्यात शोधावं लागतं.

या आठवड्यात तीन कामं करा. टेपने पोथीचं अंतर मोजा. उजवा डोळा झाकून डाव्याची चाचणी घ्या. मग आईंनाच बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लेन्सची ऑर्डर जाण्याआधी विचारा, ‘डावा किती मायनसवर ठेवताय?’ आईंनी पूर्वी चष्म्याचा नंबर घालवण्याचं लेसर करून घेतलेलं असेल तर तेही याच भेटीत सांगा, कारण त्याने बुबुळाचा बाक बदललेला असतो आणि नेहमीचं सूत्र फसतं.